जीवशास्त्राची पत्रपेटी : ‘आमच्या घरात कुणाचाच ए गट नाही’

या महिन्याच्या पत्रांत शाळकरी मुलांचे प्रश्न आहेतच, पण घरातल्या मोठ्या माणसांचीही पत्रं बरीच आली. ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत आली आहे. शाळेत शिकलेलं अर्धं लक्षात राहतं आणि त्या अर्ध्याच्या जोरावर घरात कुणावर तरी ठपका ठेवला जातो. कधी सुनेवर, कधी आजारी मुलाच्या आईवर, कधी नुसत्या एका रक्तगटाच्या कार्डावरून. म्हणून या वेळी काही उत्तरं लांबली आहेत. विद्यार्थ्यांनी तीही वाचावीत, कारण परीक्षेतला धडा आणि घरातला प्रश्न हे दोन वेगळे विषय नाहीत.

प्रश्न : बाई, शाळेत आम्ही कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड पाहिली. नुसते लांबट चौकोन दिसले. पुस्तकातल्या आकृतीत तंतुकणिका, हरितलवक, गॉल्जी पिंड सगळं असतं. आम्हाला त्यातलं काहीच दिसलं नाही, तरी वहीत आकृती पुस्तकातली काढायला सांगितली. आमचा मायक्रोस्कोप खराब आहे का?
— इयत्ता नववी, कळवा

मायक्रोस्कोप बहुधा ठीक आहे आणि तुझे डोळेही. हरितलवक दिसले नाहीत, कारण ते तिथे नव्हतेच. कांद्याचे पांढरे पापुद्रे अन्न साठवतात, ते अन्न तयार करत नाहीत. तंतुकणिका मात्र होत्या, पण त्या असतात एका मायक्रोमीटरच्या आसपास जाड, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, आणि पारदर्शक. त्यांना जानस ग्रीनसारखा खास रंग दिल्याशिवाय शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये त्या ओळखता येत नाहीत. पुस्तकातली आकृती अनेक प्रकारच्या पेशी अनेक पद्धतींनी पाहून, त्यातलं सगळं एकत्र करून काढलेली असते. अगदी तशी पेशी कुणीच कधी पाहिलेली नाही.

आयोडीनचा थेंब टाकला होता ना? मग प्रत्येक चौकोनात एका कडेला पिवळसर तपकिरी ठिपका दिसला असेल. ते केंद्रक. ते मधोमध नसून कडेला का, याचा विचार कर. पेशीची बहुतेक जागा पाण्याने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते, म्हणून केंद्रक भिंतीपाशी ढकललं जातं. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाचा काप पाहिला तेव्हा त्याला मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती दिसल्या होत्या. तू त्याच्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस.

वहीत दोन आकृत्या काढ. एक पुस्तकातली, मार्कांसाठी. दुसरी जे दिसलं त्याची, खाली ‘मी पाहिलेली’ असं लिहून. माझ्या मते खरं प्रात्यक्षिक ती दुसरी.

हरितलवक बघायचेच असतील तर फिश टँकच्या दुकानातून हायड्रिलाची एक काडी आण. त्याचं पान इतकं पातळ असतं की सोलावंही लागत नाही. पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप लाव आणि थोडं थांब. हिरवे गोल ठिपके पेशीच्या कडेकडेने हळूहळू सरकताना दिसतील. पेशीचं चित्र नाही, जिवंत पेशी बघितल्याचा आनंद काय असतो हे त्या दिवशी कळेल. आणखी एक : बऱ्याच सोसायट्यांच्या दारात वरून हिरव्या, खालून जांभळ्या पानांचं ऱ्हिओ लावलेलं असतं. त्याच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा सोल, आधी साध्या पाण्यात बघ आणि मग मिठाच्या पाण्यात. जांभळा भाग आक्रसून भिंतीपासून सुटताना दिसेल. तो का सुटतो, ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : लोणच्याची बरणी विसळून ते पाणी मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत होते. झाड वाळलं. मुलगा म्हणतो मिठाने मेलं. पण आमच्या खिडकीतून खाडी दिसते, तिथलं तिवर तर दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात उभं असतं. ते कसं मरत नाही?
— एक गृहिणी, ऐरोली

ताई, मुलगा बरोबर सांगतो. पेशीच्या पातळ पटलातून पाणी सहज ये-जा करतं आणि मीठ, साखर जिकडे जास्त विरघळलेली असेल तिकडे पाण्याचा ओढा असतो. यालाच परासरण म्हणतात. एरवी मुळांच्या पेशींत मातीतल्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून पाणी आत येतं. तुम्ही कुंडीतली माती मुळांपेक्षा खारट केलीत. मग माती ओली असूनही पाणी आत येईना, उलट मुळांतलंच बाहेर जाऊ लागलं. वरच्या उत्तरातल्या ऱ्हिओच्या पेशीचं झालं तेच. असं पुन्हा झालं तर लगेच भरपूर गोडं पाणी ओतून ते कुंडीच्या तळातून वाहू द्या, मीठ बरंचसं धुऊन निघतं.

तिवराने यावर अनेक बाजूंनी उपाय केला आहे. त्याची मुळं पाणी घेतानाच बहुतेक मीठ बाहेर अडवतात. तरी जे आत शिरतं त्यातलं बरंचसं पानांवरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवसांत तिवराचं पान नीट बघा, त्यावर मिठाचे बारीक पांढरे कण चमकतात. (पान चाटून बघायचा मोह होतो. आपल्या खाडीचं पाणी पाहता मी तो सल्ला देणार नाही.) उरलेलं मीठ पेशी आपल्या रिक्तिकेत कोंडून ठेवतात आणि पेशीद्रवात स्वतः बनवलेली, त्रास न देणारी सेंद्रिय द्रव्यं साठवतात. त्यामुळे आतली बाजू समुद्राच्या पाण्यापेक्षाही तीव्र राहते आणि पाणी आत येत राहतं. ही सगळी व्यवस्था चालवायला शक्ती लागते, म्हणून मुळांना प्राणवायू हवा. खाडीच्या काळ्या गाळात तो जवळपास नसतोच. ओहोटीला चिखलातून वर आलेल्या ज्या असंख्य काड्या तुम्हाला खिडकीतून दिसतात, ती तिवराची श्वसनमुळं आहेत. कुणी राडारोडा टाकून ती बुजवली की झाड उभ्या उभ्या गुदमरतं. त्याला कुऱ्हाड लावावी लागत नाही. खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

ऐरोलीतच किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. मुलाला घेऊन एकदा जाऊन या.

प्रश्न : बाई, मी अकरावी सायन्सला आहे. रक्तगटांच्या अनुवंशाचा तक्ता शिकलो. बाबांचा ओ पॉझिटिव्ह, आईचा बी पॉझिटिव्ह. तक्त्याप्रमाणे मुलांचा बी किंवा ओ यायला हवा. माझा ए आहे. आमच्या घरात कुणाचाच ए गट नाही. मी हे घरी कुणालाच विचारलेलं नाही. वर्गात मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मी माझा गट बी आहे असं खोटं सांगितलं.
— एक विद्यार्थिनी, नेरुळ

बाळा, पत्र लिहिलंस हे फार बरं केलंस. उत्तर शेवटपर्यंत वाच.

तक्ता तुला बरोबर शिकवला आहे. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये माणसांच्या रक्ताचे गट असतात हे दाखवलं. या गटांसाठीच्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ए आणि बी दोन्ही असले तर दोन्ही दिसतात, ओ मात्र त्यांच्यापुढे दिसत नाही. ओ गटाच्या माणसाकडे दोन्ही प्रती ओ. त्यामुळे ओ आणि बी यांच्या मुलाला ए मिळणार कुठून? तुझी शंका तर्काला धरून आहे. पण तर्क ज्या दोन गोष्टींवर उभा आहे, त्या दोन्ही तपासायच्या राहिल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ते गट खरेच ते आहेत का? बाबांचा गट तुला कुठून कळला? लायसन्सवरून? ऑफिसच्या आयकार्डावरून? तुझा स्वतःचा शाळेतल्या शिबिरातून? आपल्याकडे कितीतरी जणांचा रक्तगट कुणीतरी कधीतरी सांगितलेला असतो आणि तोच पुढे प्रत्येक फॉर्मवर उतरत जातो. शिबिरात घाईने टाइलवर केलेल्या चाचणीत नळ्यांची अदलाबदल होऊ शकते. नवजात बाळाच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडं (परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारी प्रथिनं) अजून तयार झालेली नसतात, म्हणून जन्मानंतर लगेच काढलेला गट एकाच बाजूने तपासलेला असतो. रक्तपेढीत दोन्ही बाजू तपासतात. तांबड्या पेशींवर कोणता प्रतिजन, म्हणजे ए किंवा बी ही ओळखखूण, आहे ते एकदा, आणि रक्तद्रवात कोणती प्रतिपिंडं आहेत ते दुसऱ्यांदा. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहितात. तुम्हा तिघांचा गट असा पुन्हा तपासेपर्यंत पुढचा विचार करण्यात अर्थ नाही. असे बहुतेक गोंधळ तिथेच मिटतात.

दुसरी गोष्ट तुमच्या तक्त्यात नाही आणि ती तिथे असायला हवी, असं मी शिकवत असल्यापासून म्हणत आले. ती सापडली आपल्या शेजारीच. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त आढळलं जे चाचणीत ओसारखं दिसायचं, पण ज्याला ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. जगभर त्याला आज बॉम्बे रक्तगट म्हणतात.

तो समजायला एक पायरी खाली उतरावं लागतं. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर आधी एच नावाचा एक पदार्थ तयार होतो. ए जनुक त्या एचला एक साखर जोडतं, बी जनुक दुसरी साखर जोडतं. ओ काहीच जोडत नाही, त्यामुळे ओ माणसाच्या पेशीवर नुसता एच राहतो. एच म्हणजे भिंतीतली खुंटी समज, ए आणि बी या तिच्यावर अडकवायच्या टोप्या. आता एच बनवणारं जनुक वेगळं आहे, वेगळ्या गुणसूत्रावर आहे. एखाद्याला त्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी मिळाल्या तर खुंटीच बनत नाही. मग त्याच्याकडे ए जनुक असो वा बी, टोपी अडकणार कशावर? साध्या चाचणीत ए नाही, बी नाही, म्हणून कार्डावर ‘ओ’ लिहिलं जातं.

आता तुझ्या घराकडे बघ. समजा बाबा बॉम्बे गटाचे आहेत आणि त्यांच्याकडे ए जनुक आहे. ते त्यांच्या पेशींवर कधी दिसलं नाही, पण तुला देण्यापासून त्यांना कुणी अडवलेलं नाही. आईकडून तुला ओ जनुक मिळालं आणि एचची चांगली प्रत मिळाली. खुंटी आली, टोपी अडकली. तुझा गट ए. अनुवंशाचा एकही नियम मोडलेला नाही.

हा गट दुर्मीळ आहे. भारतात साधारण दहा हजारांत एक आणि युरोपात दहा लाखांत एक, असं सांगतात. म्हणजे तुझ्या घरी हेच असेल असं मी म्हणत नाही, आधीची शक्यता कितीतरी मोठी आहे. पण बाबांचा गट खरंच ओ आला आणि तुझा खरंच ए, तर रक्तपेढीत ‘एचसाठी तपासा’ असं सांगायचं. अँटी-एच (एचला चिकटणारं प्रतिपिंड) टाकल्यावर ओ माणसाच्या पेशींच्या गुठळ्या होतात, बॉम्बेच्या होत नाहीत. आणि बॉम्बे माणसाचा रक्तद्रव ओच्या पेशींनाही गोळा करतो. तंत्रज्ञांना हे माहीत असतं. बाबांच्या दृष्टीने हे कळणं जिवाइतकं महत्त्वाचं आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला ओ रक्त दिलं तर ते घातक ठरू शकतं, त्याला फक्त बॉम्बे गटाचंच लागतं.

याशिवायही काही दुर्मीळ कारणं असतात, दुबळे उपगट असतात. म्हणूनच रक्तगटाच्या तक्त्यावरून कुणाचं नातं तपासू नये. तो त्यासाठी नाही. आईला सांग की अभ्यासात बॉम्बे गटाबद्दल वाचलं आणि तिघांचा गट रक्तपेढीत तपासून घ्यायचा आहे. पत्रही दाखव हवं तर. एवढी गोष्ट एकटीने डोक्यात ठेवून अभ्यास करू नकोस.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. तक्ता शिकवताना ‘शक्य नाही’ असं लिहिलेल्या रकान्याशी थांबा आणि ही गोष्ट सांगा. वर्गातलं एखादं मूल तो रकाना बघून गप्प बसलेलं असतं.

प्रश्न : माझ्या मुलाला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. प्लेटलेट्स खूप उतरल्या होत्या, बरा झाला. सोसायटीत सगळे म्हणतात, एकदा होऊन गेला की गोवरासारखा पुन्हा होत नाही. मग आता भीती नाही ना?
— एक पालक, वागळे इस्टेट

असं समजून निर्धास्त राहू नका. गोवराचं खरं आहे, डेंग्यूचं नाही.

जंतू शरीरात आला की पांढऱ्या पेशींपैकी मोजक्याच पेशी त्याला नेमकं ओळखतात. त्या वाढतात, त्यांच्यातल्या बी पेशी प्रतिपिंडं सोडतात. आजार संपल्यावर बहुतेक मरतात, पण काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षं राहतात. तोच जंतू परत आला की हालचाल इतकी लवकर होते की आपल्याला आजार जाणवतही नाही. हे सगळं ‘तोच’ या एका शब्दावर अवलंबून आहे. गोवराचा विषाणू पृष्ठभागाने बदलत नाही. डेंग्यूचे विषाणू मात्र चार प्रकारचे आहेत. तुमच्या मुलाला ज्या प्रकाराने झाला त्याच्यापासून त्याला दीर्घकाळ संरक्षण आहे, बाकी तिघांपासून फक्त काही महिने.

आणि दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आजार पहिल्यापेक्षा तीव्र होण्याचा धोका वाढतो. हे ऐकायला उलटं वाटतं. जुनी प्रतिपिंडं नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करण्याइतकी घट्ट नाहीत. पांढऱ्या पेशी प्रतिपिंड चिकटलेला जंतू पाहून त्याला गिळतात आणि हा विषाणू तर त्याच पेशींत वाढतो. म्हणजे जुन्या प्रतिपिंडांमुळे त्याला आत शिरायला वाट मिळते. प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही, दुसऱ्यांदा होऊनही बहुतेक जण बरे होतात. पण पावसाळ्यात त्याला ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘याला आधी डेंग्यू झालेला आहे’ हे सांगा.

प्लेटलेट्सच्या आकड्यावर आपल्याकडे फार जीव टांगलेला असतो. रोज रिपोर्ट, रोज व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा, त्यात कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन येतं. प्लेटलेट्स म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे सुटलेले तुकडे, त्यांना केंद्रक नसतं आणि आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. आजार उतरला की त्या आपोआप भरून येतात. खरा धोका दुसरीकडे असतो. केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या होऊन रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब पडतो. आणि हे बहुधा ताप उतरल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत होतं, जेव्हा घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, मूल मलूल होणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, हॉस्पिटल गाठा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठवड्याहून थोडे जास्त दिवस लागतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर आठवड्यातून एक दिवस पूर्ण कोरडे करा आणि आतली कड घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात.

प्रश्न : लसीत रोगाचेच जंतू असतात तर आजार का होत नाही?
— इयत्ता आठवी, घणसोली

कारण ते मेलेले किंवा दुबळे केलेले असतात, किंवा त्यांचा फक्त एखादा तुकडा असतो. स्मृतिपेशी तयार व्हायला जंतूची ओळख पुरते, आजार लागत नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगचे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ ला ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, प्लेग झाला नाही. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचंच नाव आहे. लस घेतल्यावर येणारा बारीक ताप म्हणजे शरीर कामाला लागल्याची खूण.

प्रश्न : सर्दी झाली की अँटिबायोटिकचा कोर्स घ्यावा का?
— एक वाचक, मानपाडा

नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकं जिवाणूंच्या भिंतीवर किंवा त्यांच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर काम करतात. विषाणूकडे यातलं काहीच नसतं. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि न मरणारे मागे राहून वाढतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या पहिल्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चारपैकी एका मुलाला होतो. आता घरचे म्हणतात, एकाला झाला, म्हणजे पुढच्या तिघांना होणार नाही, दुसरा चान्स घ्या. सासरी असंही म्हणतात की आजार माझ्याकडून आला.
— एक आई, कोपरी, ठाणे पूर्व

ताई, घरच्यांनी आकडा ऐकला, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला. ‘चारपैकी एक’ हे प्रत्येक गर्भधारणेला वेगळं लागू होतं. तुमच्या दोघांच्या ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं जनुक आहे. दोघांकडेही त्याची एक प्रत चांगली, एक सदोष आहे. दर वेळी तुमच्याकडून यातली एक जाते, त्यांच्याकडून एक. दोन्ही सदोष गेल्या तर मेजर. पहिल्या वेळी काय गेलं याची नोंद पुढच्या वेळी कुठेही ठेवलेली नसते. दुसऱ्या मुलालाही २५ टक्के, तिसऱ्यालाही २५ टक्के. पुढची तिन्ही मुलं मेजर नसण्याची शक्यता ६४ पैकी २७ एवढीच, म्हणजे निम्म्याहूनही कमी. हा हिशेब घरी कागदावर मांडून दाखवा.

आजार तुमच्याकडून आला हेही तेवढंच चूक. एकट्या आईच्या सदोष प्रतीने मूल फक्त वाहक होतं, तुमच्यासारखंच, चालतं-फिरतं. मेजर व्हायला दोघांची प्रत लागते. आणि यात ‘दोष’ म्हणण्यासारखं कुणी काही केलेलंच नाही. वाहक माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी राहतं आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही.

दुसरं मूल हवं असेल तर तो पूर्ण तुमच्या दोघांचा निर्णय आहे, पण आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. गर्भ दहा ते बारा आठवड्यांचा असताना वारेचा अगदी लहान नमुना घेऊन तपासता येतं. पहिल्या मुलावरच्या उपचारासाठी सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते, तेही विचारा. आणि तुमच्या नवऱ्याच्या आणि तुमच्या भावंडांना, लग्न ठरायच्या आधी, वाहक आहोत का हे सांगणारी हिमोग्लोबिन ए-२ची चाचणी करायला सांगा. वाहकाचं लग्न मोडायचं कारण नाही. दोघंही वाहक आहेत हे आधी कळलं तर तयारीनिशी पुढे जाता येतं. पत्रिका जुळवायला आपण महिना घालवतो, या चाचणीला एक दिवस काढावा.

प्रश्न : मला तीन नाती आहेत. सुनेला मी पुष्कळ बोलले आहे. दहावीतली नात परवा पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, आजी, मुलगा की मुलगी हे आईकडून ठरत नाही, बाबांकडून ठरतं. हे खरं का? मग माझ्या मुलात काही दोष आहे का?
— एक आजी, नौपाडा

ताई, नात खरं सांगते. आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्स गुणसूत्र असतं. वडिलांच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स, निम्म्यांत वाय. एक्सवाला पोचला की मुलगी, वायवाला पोचला की मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने १९०५ मध्ये एका किड्याच्या पेशींत हे पाहिलं, तेव्हा स्त्रियांना विद्यापीठात जागा मिळणंही मुश्कील होतं.

पण सुनेवरचा ठपका उचलून मुलावर ठेवू नका. कोट्यवधी शुक्राणूंतला कोणता पोचेल यावर त्याचंही काही चालत नाही. आहार, तिथी, उजवी-डावी कूस, कशानेही ते ठरत नाही. तीन अपत्यं असलेल्या घरांत साधारण आठातल्या एका घरी तिन्ही मुलीच असतात आणि तितक्याच घरी तिन्ही मुलगे. तुमच्या घरी घडलं ते अगदी नेहमीचं आहे. गर्भलिंग तपासणीवर आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. हे कायदे करावे लागले ते याच अर्ध्या समजुतींमुळे. तुम्ही या वयात विचारलंत, याचा मला मनापासून आदर वाटतो. सुनेला हे तुम्ही स्वतः सांगा, नातीला मध्ये घालू नका.

प्रश्न : फ्लेमिंगो जन्मापासून गुलाबी असतात का? त्यांच्या जनुकांत गुलाबी रंग असतो का?
— इयत्ता सहावी, सीवूड्स

पिल्लू करड्या रंगाचं असतं. गुलाबी रंग शेवाळांतून आणि छोट्या कवचधारी जीवांतून येतो, त्यांच्यात कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं असतात. जनुकांतून मिळते ती हे रंगद्रव्य पचवून पिसांपर्यंत पोचवण्याची क्षमता. बगळ्याला तेच खायला घातलंस तरी तो गुलाबी होणार नाही, आणि फ्लेमिंगोला ते मिळालं नाही तर नवी पिसं फिकी येतात. म्हणजे रंगाला जनुकंही लागतात आणि खाणंही. पूर्ण गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं जातात. हिवाळ्यात थव्यात करडे, मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, लहान आहेत. तळ्यावर बघायला जायचं तर भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरायला गेलेले असतात.